एकाच अंगानं पुसलेल्या काचा

वैदेही मॅडमचं नाव आधी लिहिते. काय झालं ते मागनं येईलच, पण आधी झालेलं सांगत बसले आणि मध्येच हात थांबला तर त्यांचं नाव राहून जाईल, अशी मला भीती. असली भीती मला फार. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यातनं दोनदा माघारी येते. तर वैदेही मॅडम. यवतमाळकडच्या, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि प्लास्टिकमधनं वीज कशी चालते ह्याचा अभ्यास करणाऱ्या. माझ्या हातून त्यांचं काम बिघडलं तेव्हा ओरडायच्या आधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मग ओरडायचं त्यांच्याकडनं राहूनच गेलं.

यंदा पुन्हा बंगळुरात थंडी पडलीय. इथली थंडी आमच्याकडच्यासारखी कोरडी, खणखणीत नाही. सकाळी गवतावर ओल असते, दहाला ऊन येतं आणि लोक लगेच स्वेटर कमरेला बांधतात. पण प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुताना बोटांची पेरं ओढायला लागतात, आणि मला दोन हिवाळे आठवतात. एक माकणीचा, माहेरच्या अंगणातला. दुसरा तीन वर्षांमागचा, इथलाच. दोन्ही एकमेकांत असे गुंतलेत की एकाचं टोक ओढलं की दुसरा हलतो.

माकणीत दिवाळी सरली की मेंढरं कातरायची. तेरणेच्या धरणाकडनं वारं यायचं आणि कातरलेली मेंढरं अंगणात एकमेकांना चिकटून उभी राहायची, लाजल्यासारखी. लोकर धुवायची, पिंजायची, सूत काढायचं. मग आबा, म्हणजे माझे वडील, घोंगडीचा ताणा अंगणात लांबच्या लांब ताणून बांधायचे. काळी-भुरी शेकडो सुतं एका ओळीत. त्यांना चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. त्या खळीचा वास अजून माझ्या नाकात आहे, थोडा आंबट, थोडा करपट. खळ लावली की वरनं कुंचा फिरवायचा. कुंचा म्हणजे गवताच्या मुळ्यांचा मोठा ब्रश, दोन्ही हातांनी धरावा लागतो. आणि तो एकाच अंगानं न्यायचा. ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं.

"माघारी आणू नको," आबा म्हणायचे. "न्यायचं, उचलायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. पुन्हा तिथनंच सुरू."

"पण दोन्हीकडनं फिरवला तर काम लवकर होईल की."

"होईल. आन् उद्या मागावर बसल्यावर सूत सूत अडकंल. मग तू ये सोडवायला."

एकदा आबांचं लक्ष नसताना मी कुंचा माघारी ओढून बघितला होता. निजलेले केस सगळे उभे राहिले, सूत पिसारल्यासारखं झालं. मला त्याची गंमत वाटली आणि भीतीही. एवढ्याशा हातानं एवढं बदलतं?

त्या साली आईचा हात मोडला होता. कुंचा माझ्या हातात आला आणि राहिला. तेव्हा मी सातवीत होते, पुढं लोहाऱ्याच्या शाळेत नाव घालायचं ठरलं होतं, नवं दप्तरही आणलं होतं. हिवाळा संपला तेव्हा दप्तरात आईनं चिंचोके भरले होते. मी रडले नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा अर्धा वाचून राहिला होता, त्यातली चुंबकाची चित्रं कितीतरी दिवस डोळ्यांपुढं यायची. लोखंडाचा कीस कागदावर टाकला, खाली चुंबक धरलं, की कीस आपोआप ओळीत बसतो. का बसतो, हे पुढच्या पानावर होतं.

लग्नानंतर आमचे मालक इथं एका संशोधन संस्थेच्या फाटकावर पहारेकरी लागले, आणि मी तिथंच झाडलोट करायला. पहिले काही महिने मी फक्त लांबच्या लांब वऱ्हांडा पुसत होते. कन्नड थोडं यायचं, आमच्या भागातल्या बाजारापुरतं. इथलं कन्नड ऐकून कळायचं नाही. एक दिवस फोनवर आईशी बोलत होते, तर मागनं आवाज आला, "अय्यो, मराठी! कुठल्या हो ताई तुम्ही?" त्या वैदेही मॅडम. महिनाभरात त्यांनी त्यांच्या मार्गदर्शक सरांशी बोलून मला वऱ्हांड्यातनं प्रयोगशाळेत घेतलं: काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, कचरा कुठला कुठं टाकायचा ते सांभाळायचं. नियम एकच. तयार होत असलेल्या काचपट्ट्यांना हात लावायचा नाही. "ते एवढं पाळा," मॅडम म्हणाल्या, "बाकी इथं काही चुकलं तरी जग बुडत नाही."

त्या प्रयोगशाळेत एक खोली पिवळ्या उजेडाची आहे. आत गेलं की सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. एक काचेची पेटी आहे, तिला रबरी हात लावलेले. आपण बाहेरनं त्या हातांत हात घालायचे आणि आतलं काम करायचं, कारण आतल्या वस्तूंना आपल्या हवेचं वावडं. मला ती पेटी बघून बाळंतिणीची खोली आठवायची. आणि एक भिंगरीसारखं यंत्र: काचपट्टीवर शाईचे दोन थेंब टाकायचे, पट्टी गरगर फिरवायची, थेंब पसरून त्याचा इतका पातळ थर होतो की नुसता रंग दिसतो, जाडी दिसत नाही. शाई निळसर-जांभळी. ती मॅडमनी आठ महिने राबून तयार केली होती. "सेंद्रिय अर्धवाहक" असं तिचं नाव. सेंद्रिय म्हटल्यावर मला शेणखत आठवलं, तसं मी बोलूनही गेले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हणाल्या, "तसं अगदीच चूक नाही हो. दोन्हीत कार्बनच."

मला विचारायची भीती वाटायची, पण न विचारता राहवतही नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "मॅडम, वीज तर तारेतनं जाते. ह्या रंगातनं कशी जाते?"

त्यांनी कँटीनमधली आठ-दहा स्टीलची ताटं ओढून घेतली. "हे ताट म्हणजे एक रेणू समजा. रेणू म्हणजे ह्या शाईचा सगळ्यात बारीक दाणा. हा दाणा चपटा आहे, ताटासारखा. विजेचा भार ह्या ताटावरनं त्या ताटावर उडी मारत जातो. दोन ताटं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून असली की उडी सोपी. आता बघा." त्यांनी ताटं एकावर एक रचली. "आता भार कुठं जाईल?"

"वर. न्हायतर खाली."

"आणि अशी?" त्यांनी ताटं उभी करून एकापाठी एक लावली, ताटाळ्यात लावतात तशी. पहिली दोन घसरली, वाढणारा पोऱ्या तिकडनं ओरडला. मी ती धरून ठेवली.

"आता आडवा जाईल. इकडनं तिकडं."

"बरोब्बर. माझ्या उपकरणात सोन्याच्या दोन रेघा शेजारी शेजारी असतात. भाराला एकीकडनं दुसरीकडं आडवं जायचंय. म्हणून मला ताटं उभी हवीत."

"मग निजलेली ताटं वाईट?"

"काहून वाईट? छपरावर लावतात त्या सौर पत्र्यात भाराला खालनं वर जायचं असतं. तिथं निजलेलीच हवीत. तीच शाई, तेच दाणे. कुठं जायचंय त्यावर आहे सगळं."

त्या दुपारी मी भांडी धुताना ताटाळ्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. तेच ताट, उभं किंवा आडवं. घरी आल्यावर मालकांना भाकऱ्यांची चवड दाखवून हेच सांगायला गेले. ते म्हणाले, "भार गेला का वर? मग वाढ आता."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शाईतले दाणे सुटे नसतात, दोऱ्यात ओवल्यासारखे लांब साखळीत असतात. साखळीच्या अंगानं भार पळतो. एका साखळीवरनं शेजारच्या साखळीवर जायचं तर उडी मारावी लागते, तिथं वेळ लागतो. आणि साखळ्या वेड्यावाकड्या पडल्या असल्या तर भार मध्येच कुठंतरी अडकून बसतो. "न पिंजलेल्या लोकरीत काटा अडकतो तसा," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो. तसाच."

आता ती सकाळ.

डिसेंबर होता. मॅडमनी आदल्या दिवशी बारा काचपट्ट्यांवर एक पारदर्शक अस्तर चढवून ठेवलं होतं. त्यावर आज शाई घालायची होती. मला अस्तराचं ठाऊक नव्हतं. मी आठला आले तर पट्ट्या ठेवलेल्या डबीचं झाकण बाजूला पडलेलं, आणि पट्ट्यांवर आरशावर श्वास सोडल्यासारखी पुसट साय. मला वाटलं, झाकण राहिलं, रात्रीची धूळ बसली. मॅडम आल्या की त्यांचा चेहरा पडेल, दिवस वाया जाईल, असं मनात आलं आणि भीती वाटली. भीतीनं माणूस काही करत नाही असं लोकांना वाटतं. मी भीतीनं फार कामं करते.

सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसायचं मखमली फडकं होतं. चिमट्यानं एकेक पट्टी उचलली, टेबलावर धरली आणि पुसली. लांबीच्या अंगानं, डावीकडनं उजवीकडं. न्यायचं, उचलायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. प्रत्येक पट्टीला वीस-वीस वेळा. नवव्या पट्टीला वऱ्हांड्यातनं सुपरवायझरनी "शालन!" अशी हाक मारली, मी दचकले आणि हात सर्रकन माघारी आला. उरलेल्या तीन घाईघाईत केल्या. साय गेली नाही, पण कमी झाल्यासारखी वाटली. सगळ्या परत डबीत ठेवल्या, झाकण लावलं आणि बादली उचलून निघून गेले. नियम मोडला हे माझ्या लक्षात आलं ते जिन्यात, पण मी माघारी वळले नाही.

मॅडमनी त्या दिवशी शाई घातली, पट्ट्या तापवल्या, सोन्याच्या रेघा चढवल्या. प्रत्येक पट्टीवर बरीच उपकरणं: अर्ध्यांत भाराला पट्टीच्या लांबीच्या अंगानं जायचं, अर्ध्यांत रुंदीच्या. दोन दिवसांनी मोजायला बसल्या आणि तासाभरात डोकं धरून बसल्या.

"काही कळतच नाही बाप्पा. एकाच पट्टीवर अर्धी उपकरणं घोड्यासारखी पळतात. इतकी चांगली कधीच आली नव्हती. आणि शेजारची अर्धी मेल्यासारखी. शाई तीच, पट्टी तीच."

त्यांनी पुन्हा मोजलं. सुया बदलल्या, तारा बदलल्या. नव्या पट्ट्या केल्या, तर त्या सगळ्या सारख्या आल्या, ना घोडा ना मेलेला. मग त्यांना वाटलं शाईच दगा देतेय, बाटलीत काहीतरी घडलं असणार. शुक्रवारी सरांपुढं सगळं मांडायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "जे परत येत नाही ते दाखवायचं नसतं. ही बाटली टाकून देते आणि सांगते की आठ महिने चुकले."

आठ महिने. मी बाजूला परीक्षानळ्या धूत होते. माझ्या हातातली नळी निसटली, फुटली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना मी मालकांना सांगितलं. ते पिठाचा डबा उघडून देत होते, तसेच थांबले.

"कुणी बघितलं का तुला?"

"न्हाय."

"मग गप ऱ्हा. सांगितलंस की उद्या वऱ्हांड्यात, न्हायतर त्याच्याही भायेर. नियम एकच होता म्हणतीस, तोच मोडलास."

"पण त्या बाटली टाकून देतेत."

"टाकू दे. शिकलेली माणसं आहेत, दुसरी करतील. तुला दुसरी जागा कोण करून देणार?"

ते चुकीचं बोलत नव्हते. मला ती खोली सोडायची नव्हती. तो पिवळा उजेड, ती भिंगरी, जेवणाच्या सुट्टीत विचारता येणारे प्रश्न. बाकी सगळीकडं मी शालन बाई होते, तिथं मला कुणीतरी उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" सातवीतलं अर्धं राहिलेलं पुस्तक कुणी पुन्हा हातात द्यावं आणि आपणच ते परत करायला निघावं, तसं ते होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "तुजा आवाज का गं असा बारीक? जेवली न्हाईस व्हय?" मी म्हणाले, सर्दी झालीय. ती म्हणाली, "सर्दीनं आवाज जाड होतो. बारीक खोटं बोलल्यानं होतो." आणि मग मेंढरांचं सांगत राहिली, काही विचारलं नाही.

सकाळी मॅडम बाटली हातात घेऊन कचऱ्याच्या लाल डब्यापाशी उभ्या होत्या. तो डबा मीच बदलते. मी मध्ये जाऊन उभी राहिले. बोलायचं ठरवूनच आले होते. म्हणाले, "मॅडम, शाईचं काही नाही. मी पुसल्या होत्या पट्ट्या. शाई घालायच्या आधी. बारा."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मी वाट बघत होते ओरडण्याची. त्यांनी विचारलं, "कुठून कुठं?"

"काय?"

"कुठून कुठं पुसल्या? गोल गोल? मागं-पुढं? करून दाखवा."

मी फडकं घेतलं आणि रिकाम्या टेबलावर दाखवलं. न्यायचं, उचलायचं, रिकाम्या हातानं परत. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

"असं काहून पुसता तुम्ही? सगळे तर मागं-पुढं पुसतात."

मग मी घोंगडी सांगितली. ताणा, खळ, कुंचा, आबा. मी रडत सांगत होते आणि त्या खुर्ची ओढून वहीत चित्र काढत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांबा, कुंचा उलटा नेला तर काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझा हात धरून मला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत नेलं.

तिथं जे बघितलं ते मला मरेपर्यंत पुरेल. त्या भिंगाखाली उजेड एका ठरावीक अंगानंच येतो, असं त्या म्हणाल्या. त्यामुळं साखळ्या ओळीत असल्या तर पट्टी फिरवताना उजेड-अंधार होतो. त्यांनी पट्टी ठेवली. माझ्या डोळ्यांपुढं सगळं उजळ, सोनेरी. पट्टी हळूहळू फिरवली. उजेड कमी होत गेला आणि अख्खी पट्टी काळी झाली. अजून फिरवली, पुन्हा उजळली. "सगळ्या साखळ्या एका अंगाला निजल्यात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या हाताच्या अंगाला. अस्तरावर फडक्याच्या ज्या बारीक ओळी उठल्या, त्या बघून वरची शाई ओळीत बसली. लांबीच्या अंगानं भार पळाला, रुंदीच्या अंगानं उड्या मारत राहिला."

उजेडात बारीक बारीक रेघा होत्या. त्यांत मला माझा हात दिसत होता. कुठं दाब पडला, कुठं फडकं उचललं.

मग नववी पट्टी. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ती फिरवली, काळी झाली, पण एक कोपरा काळा झालाच नाही. ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ, नुसता. "इथं काय झालं?" त्या म्हणाल्या. "ह्या कोपऱ्यातलं एकही उपकरण नीट चालत नाही."

"तिथं मी दचकले होते," मी म्हणाले. "हात माघारी आला."

त्या भिंगावरनं डोळे काढून माझ्याकडं बघत राहिल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "तुमचं दचकणं मोजता येतंय हो मला."

शुक्रवारी सरांपुढं मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, मी दाराशी उभी. माझं नाव आलं तेव्हा सरांनी वर बघितलं. मॅडमनी पुढचं मुद्दाम मला कळेल अशा मोडक्या हिंदीत सांगितलं: "डबीचं झाकण मी उघडं ठेवलं होतं, अस्तर काय आहे हे मी शालनताईंना कधी सांगितलं नव्हतं, चूक आधी माझी." सरांनी विचारलं, ह्या बाई पुन्हा पुसून दाखवतील का? तीन पट्ट्या लांबीच्या अंगानं, तीन रुंदीच्या, तीन मागं-पुढं आणि तीन न पुसता. मी पुसल्या. सांगितलेलं अंग कुठं सोडलं नाही. आठवड्यानं निकाल आले: जिकडं पुसलं तिकडं भार पळाला. बाटली टाकली गेली नाही. माझी जागाही राहिली. मॅडमनी मात्र मला बजावलं, "पुन्हा काही करायच्या आधी विचारायचं. आणि केल्यावर सांगायचं. दोन्ही." नियमाच्या कागदावर तेव्हापासनं मराठीत एक ओळ आहे, त्यांच्या अक्षरात: 'अस्तराची साय दिसते, ती धूळ नसते.'

मला पुढं कळलं की घासून साखळ्या ओळीत लावायची युक्ती जगाला आधीपासनं माहीत आहे. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मॅडम म्हणाल्या, "ती माझ्या शाईवर चालेल असं मला वाटलं नव्हतं, मी करून बघितलंच नव्हतं." मग मला दुसरंच कुतूहल लागलं. आबांना हे कुणी सांगितलं असेल? त्यांच्या आबांना? इतकी माणसं इतके हिवाळे सुतांना एका अंगाला निजवत आली, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या साखळ्याही तेच ऐकतात. केसाची आणि साखळीची कारणं वेगळी आहेत हे मॅडमनी समजावून सांगितलंय. लोकरीच्या केसाला खवले असतात, साखळीला नसतात. तरी माझं मन दोन्ही एका अंगणात वाळत घालतं. कुणी विचारलं, ह्यातनं काय शिकलीस, तर मला सांगता येणार नाही. जगण्यालाही एकच अंग असावं वगैरे मी म्हणणार नाही. ताटं उभी का आडवी हे कुठं जायचंय त्यावर, एवढंच मला पक्कं माहीत आहे, आणि कुठं जायचंय ते मला अजून माहीत नाही.

गेल्या कातरणीला गावी गेले तेव्हा आबांना सगळं सांगितलं. ते चिलीम भरत होते. "मंजे तुज्या मॅडम काचेची घोंगडी विणतेत?" मी म्हणाले, व्हय, तसंच. ते विचार करून म्हणाले, "ऊब येती का तिला?"

ह्या वर्षी मॅडम इथं नाहीत. अभ्यास संपला, त्या परदेशात गेल्या, फार थंडीच्या गावात. त्यांच्या जागी आलेली मुलं चांगली आहेत, पण ताटं उचलून दाखवत नाहीत. मागच्या रविवारी दुपारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले. नवीन जागी त्यांच्या साखळ्या ओळीत बसत नव्हत्या. घासायचं यंत्र आहे, मखमल आहे, पट्ट्या आहेत, तरी माझ्या हाताच्या बारा पट्ट्यांसारखी एकही येत नाही. तिथल्या लोकांना जुना निकाल खरा वाटेनासा झालाय. "ताई, तुम्ही दाब किती देता?" त्यांनी विचारलं. "यंत्राला आकडा लागतो हो. किती?"

मला सांगता आलं नाही. दाब हातात असतो, त्याचा आकडा मी कधी बघितला नाही. तीन वर्षं मी त्यांना प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली. त्यांनी एक विचारला, तर माझ्याकडं नुसतं "माहीत नाही".

तेव्हापासनं रोज सकाळी ओट्यावर वजनकाटा मांडते. त्यावर काच, काचेवर मखमल. पुसते. आकड्याकडं बघितलं की हात लगेच बदलतो, शहाणा होतो, म्हणून डोळे खिडकीबाहेर ठेवते आणि मालक आकडे वाचतात. "दोनशे दहा. एकशे नव्वद. आता तीनशे! अगं, पुसतीयास का भाकरी थापतीयास?" आईचा फोन येऊन गेला की आकडा चढतो. सुपरवायझरची आठवण झाली की अजून. मालकांनी गप्पा मारल्या आणि मी हसले की खाली येतो आणि तिथं थोडा वेळ टिकतो. सगळं वहीत लिहिते: दिवस, वेळ, आकडा, आणि मनात काय होतं ते. सर म्हणालेत, महिनाभर लिहा, मग आपण त्या दाबानं इथंही पट्ट्या करून बघू.

मॅडम, वही अजून अर्धीसुद्धा भरली नाही आणि आकडे अजून डळमळतात. पण माझा हात बारा पट्ट्यांच्या सकाळी कसा होता ते मी शोधून काढीन, नववी सोडून. आकडा हाती लागला की तुमच्या यंत्रासाठी तो मी स्वतः तुम्हाला सांगीन, आणि त्या दिवशी प्रश्न तुमचा असेल, उत्तर माझं.